रंभाचं ताट

मशीनचं दार उघडत नाही म्हटल्यावर घरातल्या प्रत्येकानं ते एकेकदा ओढून पाहिलं. निशानं हळूच ओढलं. तिच्या नवऱ्यानं, हरेशनं, भिंतीला पाय लावून ओढलं. दाजींनी, म्हणजे निशाच्या सासऱ्यांनी, आधी चष्मा शोधला, दारावरच्या गोल काचेतून आत पाहिलं, "कपरे दिसतात की!" असा शोध लावला आणि मग ओढलं. दार जागचं हललं नाही. काचेच्या आत अर्ध्यापर्यंत गढूळ पाणी होतं आणि त्या पाण्यात कामोठ्याच्या मुलींचा अख्खा कबड्डी संघ बुडून बसला होता. म्हणजे त्यांच्या जर्स्या. पण त्या रविवारी दोन्हींत फारसा फरक नव्हता. संध्याकाळी जासईला अंतिम सामना होता आणि आयोजकांनी आधीच बजावलं होतं की नंबर घातलेली एकसारखी जर्सी अंगात नसेल तर मैदानात पाऊल टाकू देणार नाही. संघाकडे जर्स्यांचा दुसरा जोड नव्हता.

ओढलं नाही ते फक्त वेणूनं. वेणू म्हणजे निशाची सासू. ती न्हाणीघराच्या उंबऱ्याबाहेर तोंडाला पदर लावून उभी होती.

त्याला कारण होतं. वेणू कबड्डीच्या विरुद्ध आहे, हे घरात, भावकीत आणि मासळीबाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. निशा लग्न होऊन आली ती आपला खेळ सोबत घेऊनच आली. चढाईला गेली की समोरच्या पोरींना पळता भुई थोडी करायची. गावाला कौतुक होतं, पण भावकीतल्या बायकांना दुसरंच दिसत होतं. हळदीला, साखरपुड्याला, बारशाला, जिथं चार जणी जमतील तिथं, "वेणू, तुजी सून हाफपँट घालून गावोगाव फिरते ना गं?" असं विचारून त्या वेणूला सुपारीसारखं कातरायच्या. शेवटी वैतागून वेणूनं घरात जाहीर केलं, "यंदा काय खेलायचं ते खेल. फायनल झाली का बास." आणि तेवढ्यावर न थांबता म्हणाली, "मी तर बगायला पन येनार नाय." निशानं मान खाली घातली आणि भाजी निवडत राहिली. वेणूला त्या न बोलण्याचाच जास्त राग आला होता.

ही झाली सगळ्यांना माहीत असलेली वेणू. आता कुणालाच माहीत नसलेली सांगतो. आदल्या दिवशी उपांत्य सामना जिंकल्याची बातमी आली तेव्हा हीच वेणू चिंचा आणायच्या निमित्तानं बाहेर पडली आणि गावदेवीच्या देवळात गेली. देवीपुढची सुपारी आणि चिमूटभर अक्षता तिनं लाल फडक्यात गुंडाळून घेतल्या. घरी आल्यावर निशानं संघाच्या कपड्यांनी भरून आणलेली बॅग उघडी दिसली, तेव्हा इकडेतिकडे बघून तिनं ती पुरचुंडी निशाच्या हाफपँटच्या आतल्या बारक्या खिशात सारली आणि कांदा चिरायला बसली.

कपडे मातीनं भरलेले होते, हे तिनं पाहिलं होतं. पण ते सकाळी कुणी धुईल, हे तिच्या स्वप्नातही आलं नाही. वेणूचं माहेर जासई. तिच्या लहानपणी मिठागराच्या बांधालगत पोरी हुतूतू खेळायच्या तेव्हाचा नियम होता, की स्पर्धा संपेपर्यंत जिंकलेली माती अंगावरच्या कपड्यांतून झटकायची नाही, धुवायची तर मुळीच नाही. माती धुतली की डाव गेला. हा नियम जगातल्या सगळ्या खेळाडूंना माहीत असणार असं वेणू धरून चालली होती. निशाला मात्र अंतिम सामन्याच्या फोटोत संघ स्वच्छ दिसायला हवा होता. सकाळी उठल्याबरोबर तिनं सगळ्यांचे कपडे नव्या मशीनमध्ये घातले. वेणू पूजा आटोपून आली तोवर मशीन घुरघुरून गप्प झालं होतं आणि दारावर कुलपाच्या खुणेचा बारीकसा लाल दिवा चमकत होता.

"रंभाकाकीला फोन करते," निशा म्हणाली.

"रंभाला नको," वेणू एवढ्या झटकन बोलली की दाजींनी वळून पाहिलं. "म्हंजे, आज रविवार हाय. ती कुठं येल?"

रंभा येणार, हे वेणूला पक्कं ठाऊक होतं. तिला भीती रंभाची नव्हती. भीती होती रंभाच्या ताटाची.

या ताटाबद्दल सांगायचं तर आधी रंभाबद्दल सांगायला हवं. कामोठ्याच्या सेक्टरांत आता इतक्या इमारती झाल्या आहेत की जुनं गाव त्यांच्यामधे शोधावं लागतं. पण कुठल्याही इमारतीच्या वॉचमनला विचारा, मशीनवाली बाई कुठं राहते ते तो सांगेल. रंभाही मूळची जासईची, वेणूच्या आळीतली. दोघी एकाच वयाच्या. मिठागरावर डोक्यावरून मीठ वाहताना दोघींच्या टाळूवर एकाच जागी केस विरळ झालेले. हुतूतूत मात्र दोघींची वाट निराळी. रंभा अशी खेळायची की मुलगेसुद्धा तिच्या वाटेला जायचे नाहीत. वेणूच्या पायात बळ नव्हतं, म्हणून तिला कुणी खेळायला घ्यायचं नाही. ती रेषेबाहेर बसून सगळ्यांच्या चपला राखायची. पुढं दोघींची लग्नं कामोठ्यातच झाली. वेणूच्या सासरच्यांची जमीन गेली, मोबदला आला, तीन मजली घर झालं. रंभाचा नवरा महादेव याच्या वाट्याला जमीन नव्हतीच. घराच्या पुढच्या खोलीत तो मिक्सर, पंखे, मशिनं दुरुस्त करायचा.

महादेवचा हात मोठा गुणी. पण एक दिवस काम करता करताच तो हात लुळा पडला आणि जीभही जड झाली. दुकानात लोकांची उघडून ठेवलेली मशिनं तशीच पडली होती. लोक आपापलं सामान परत न्यायला आले. रंभानं आयुष्यात कधी पाना हातात धरला नव्हता, पण ती दुकानाच्या दारात आडवी उभी राहिली आणि म्हणाली, "ठेवून जा. झालं का सांगते." लोकांनी ठेवून दिलं, कारण रंभा दारात आडवी उभी राहिली की तिच्यापुढून काही उचलून न्यायची कुणाची छाती होत नसे.

मग महादेव खुर्चीत बसून सांगायचा आणि रंभा जमिनीवर बसून करायची. महादेवचं बोलणं फक्त रंभाला कळायचं आणि मशीनचं दुखणं फक्त महादेवला कळायचं, अशी ती साखळी होती. दोघं कडाकडा भांडायची. आजूबाजूच्या लोकांना वाटायचं, संसार मोडतोय. पण त्या वेळी आत एखादा पट्टा बसत नसायचा, एवढंच. पहिलं मशीन जोडून झालं तेव्हा एक स्क्रू हातात उरला. मशीन चालत होतं. महादेवनंही हातानं खूण केली, राहू दे. रंभानं राहू दिलं नाही. तिनं अख्खं मशीन पुन्हा उघडलं, त्या स्क्रूची जागा शोधली आणि तो बसवूनच जेवायला उठली. आजही तिच्या कामानंतर काही उरत नाही. मला विचाराल तर एवढ्या एका गोष्टीवरून मी माणसाला हात जोडायला तयार आहे.

सुरुवातीला लोक दार उघडायचे, रंभाला बघायचे आणि तिच्या मागं जिन्यात बघून विचारायचे, "मेकॅनिक कुठंय?" रंभा सांगायची, "खाली स्कूटर लावून आता तुमच्यासमोर उभा हाय." काहींनी दार लावून घेतलं. त्यांच्याच बायकांनी नंतर तिला बोलावलं, कारण दुपारी घरात एकटं असताना रंभा आली तर दार उघडं ठेवून बसावं लागत नाही, शिवाय जाताना ती लोणच्याला मीठ कमी पडलंय हेही सांगून जाते. रंभा विनयशील वगैरे अजिबात नाही. "पनवेलपातुर माज्यासारखं कुलूप कोन उघडत नाय," असं ती स्वतःच सांगते, आणि कुणी हसलं तर आणखी मोठ्यानं सांगते.

राहिलं ताट. महादेव धडधाकट होता तेव्हा एका घरात त्यानं मशीन दुरुस्त केलं आणि त्याच दिवशी त्या घरातलं सोन्याचं कानातलं हरवलं. कुणी उघड बोललं नाही, पण नजरा बोलल्या. पुढं ते कानातलं त्यांच्याच सोफ्याच्या फटीत मिळालं. ते मिळाल्याचं सांगायला मात्र कुणी आलं नाही. महादेव गप्प बसला. रंभा बसणाऱ्यांतली नव्हती. स्वतः कामाला लागली तशी तिनं रीतच पाडली. मशीनच्या पोटातून जे निघेल ते सगळं, पिनेपासून नाण्यापर्यंत, घरच्यांचंच ताट मागून त्यात मांडायचं, घरातल्या सगळ्यांना बोलवायचं आणि एकेक वस्तू वर धरून विचारायचं, हे कुणाचं? एका सज्जन गृहस्थांच्या पँटीतून सिनेमाची दोन तिकिटं निघाली होती आणि बायको तर त्या सिनेमाला गेलेली नव्हती. त्या घरात पुढं आठवडाभर स्वयंपाक झाला नाही म्हणतात. तेव्हापासून रंभानं ताट मागितलं की भल्याभल्यांना घाम फुटतो.

आणि आज त्या ताटात वेणूची सुपारी पडणार होती. सगळ्यांसमोर रंभा ती वर धरणार आणि विचारणार होती, ही कुणाची?

रंभा आली. अंबाड्यात अबोलीचा गजरा, साडीचा काचा मारलेला, खांद्यावर हत्यारांची रेक्झिनची पिशवी. आत शिरतानाच तिनं विचारलं, "कोनी कोनी ओढलं?"

हरेशनं हातातला स्क्रूड्रायव्हर पाठीमागं लपवला. तो रंभाला दिसलाच.

"काय रं, कड उचकटनार व्हतास?"

"तसं नाय काकी, जरा ट्राय..."

"दार फोडायचं असंल तर चोराला बोलवायचं. मला कशाला बोलावलंस?"

तिनं मशीनचं बटण बंद केलं, प्लग काढला आणि मशीनसमोर मांडी घातली. काचेवर तळहात ठेवला. रंभा मग निशाला म्हणाली, "दार बिघडलं नाय पोरी. आत पानी हाय तोवर ते उघडनारच नाय, तशीच त्याची शिस्त हाय. नायतर तुज्या अंगावर धबधबा आला असता. ते बरोबर वागतंय. पानी का जात नाय, त्ये बगायचं."

तिनं खालची बारकी झडप उघडली, परात मागितली आणि पाणी सोडायची गोल टोपी हळूहळू फिरवली. सगळे वाकून बघू लागले. वेणूही नकळत एक पाऊल पुढं आली. इथं काहीतरी अडकलेलं निघेल, पाणी भळभळ येईल आणि काम होईल, असं रंभाला वाटलं होतं. पण टोपी बाहेर आली ती लख्ख. पाणी आलं ते इतकं थोडं की परातीचा तळही पुरता भिजला नाही.

रंभाच्या कपाळाला आठी पडली. "धुन्यात काय काय टाकलेलं?"

"जर्स्या आणि हाफपँटी. दुसरं काही नाही," निशा म्हणाली.

"खिसे बगितले?"

"त्या हाफपँटींच्या खिशात कोणी काही ठेवतच नाही, काकी. खेळताना टोचतं."

"घरात कोनी काय टाकलं? खरं सांगा. मशीन मुकं हाय, तुमी तरी बोला."

दाजी म्हणाले, माझा तर फक्त चष्मा असतो आणि तो हा बघा. हरेश म्हणाला, मी नाही. वेणू भिंतीकडे बघत राहिली. बोलायचं तिच्या ओठापर्यंत आलं होतं. पण तिच्या डोळ्यांपुढं भावकीतल्या सगळ्या बायका एका ओळीत उभ्या राहिल्या; आणि त्यांच्याही पुढं निशा. रोज टाकून बोलायचं आणि चोरून देवीकडं जायचं, याला काय म्हणतात? सून हसेल. किंवा हसणार नाही, आणि ते आणखी वाईट. कदाचित रंभाचं काम रंभाच बघून घेईल, असं मनाशी म्हणत वेणू गप्प राहिली.

रंभानं महादेवला फोन लावला आणि फोन मशीनच्या पोटाशी धरला. प्लग लावून तिनं पाणी काढायचं बटण दाबलं. मशीन नुसतंच घूं करत राहिलं. फोनमधून महादेवचं जड, तुटक बोलणं ऐकू आलं. घरातल्या कुणालाही त्यातला एक शब्द कळला नाही. रंभा मात्र "हां... हां... मी पन त्येच बोलते... आता वरडू नको," असं म्हणत होती. फोन ठेवून ती म्हणाली, "मोटार चांगली हाय, असं महादेव बोलतो. पानी तिच्यापातुर येतच नाय. वरच्या नळीच्या तोंडाशी कायतरी बसलंय. पन काय बसलंय त्ये कळल्याबिगर हात घालता येत नाय. कापड असंल तर ढकललं का आनखी आत फसंल. मशीन बाहेर काढून आडवं पाडायला पायजे. पान्यानं भरलेलं हाय, चार मानसं लागतील. मंग खालून सगलं खोलायचं. संध्याकाल व्हईल."

निशा न्हाणीघराच्या पायरीवर बसली. संघातल्या मुलींचे फोन येत होते, ते तिनं घेतले नाहीत. मग ती हरेशला म्हणाली, अगदी साध्या आवाजात, "आई म्हणाल्याच होत्या, ही शेवटची फायनल. न खेळताच शेवटची झाली."

तिनं टोमणा मारला असता तर वेणूनं दोन शब्द परत ऐकवले असते. पण निशाच्या बोलण्यात टोमणा नव्हता. जे झालं ते ती आपलं आपल्याशी मान्य करून टाकत होती. वेणूला एकाएकी मिठागराच्या बांधावरची ती जागा आठवली. समोर सगळ्या खेळताहेत, आणि आपण दुसऱ्यांच्या चपला मांडीशी घेऊन बसलोय. तिथून आत कुणी बोलावलं नव्हतं. निशा तर आत होती. तिला बाहेर बसवायला निघालोय ते आपणच.

"सुपारी हाय आत," ती म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"कसली सुपारी?" दाजींनी विचारलं.

"गावदेवीची. लाल फडक्यात बांधून हिच्या खिशात मी ठेवली. काल. आन अक्षता." एवढं बोलून वेणूनं पदरानं तोंड पुसलं. "मला काय म्हाईत, जिंकलेली माती ही पोर धुऊन टाकंल!"

दाजींनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. "तू? देवलात गेलीस? कबड्डीसाटी?"

"तुमी गप बसा," वेणू म्हणाली.

निशा पायरीवरून उठली होती. ती सासूकडं बघत होती. एकटी रंभाच जराही चकित झाली नाही. तिनं फक्त विचारलं, "केवढी सुपारी?"

वेणूनं बोटांनी दाखवलं.

"फडकं केवढं? गाठ घट्ट मारलेली का नुसतं गुंडाललेलं?"

"नुसतं गुंडाललेलं."

"मंग फडकं कवाच सुटलं असंल." रंभाचा चेहरा उजळला. "गोल हाय, कडक हाय. नळीच्या तोंडावर बुचासारखी बसलीय. पानी खाली यायला लागलं का तीच दाबून धरतंय तिला. खालून वर ढकलून जरा फिरवली का निसटून येल. मशीन पाडायला नको का काय नको. हरेश, घरात पडद्याची स्प्रिंग हाय का?"

हरेश पळाला. दिवसभरात त्याचा पहिल्यांदाच काही उपयोग होत होता. त्यानं पुढच्या खोलीचा पडदा ओरबाडून काढला आणि प्लास्टिकचं आवरण असलेली लांब स्प्रिंग आणून दिली. रंभानं प्लग काढला, परात नीट सरकवली आणि जमिनीवर चक्क आडवी झाली. गाल फरशीला टेकवून तिनं स्प्रिंगचं टोक टोपीच्या भोकातून आत सोडलं. ती ढकलत नव्हती. सुईत दोरा ओवताना बायका जशा श्वास धरतात तसा श्वास धरून ती स्प्रिंग थोडी पुढं न्यायची, थांबायची, फिरवायची, मागं घ्यायची. तिच्या गजऱ्यातली अबोली एकेक करून ओल्या फरशीवर पडत होती. वेणू बघत राहिली. पाठीत वाकलेली, गुडघे दुखणारी ही बाई दुसऱ्याच्या न्हाणीघरात लोळण घेऊन एवढ्या प्रेमानं काय करतेय, असं तिच्या मनात आलं आणि तिला आपल्या मैत्रिणीचा फार अभिमान वाटला. लहानपणीही रंभा अशीच होती. समोरच्या गड्यांच्या घोळक्यात शिरून, घाई न करता, एकालाच शिवून परत येणारी.

"हां, लागली," रंभा पुटपुटली. "ये बाई, ये. उगा मान करू नको."

तिनं मनगट किंचित वळवलं. आत काहीतरी हललं आणि पाणी आलं. असं आलं की परात भरून वाहिली, दाजींची चप्पल तरंगत बाहेर गेली, हरेश बादल्या घेऊन धावला. गढूळ तांबूस पाणी, त्यात फुगलेले तांदूळ, मग लाल फडकं. आणि सगळ्यात शेवटी टण् आवाज करत सुपारी परातीत पडली.

रंभा उठून बसली. तिच्या अर्ध्या अंगाला चिखल लागला होता. तिनं टोपी घट्ट बसवली, प्लग लावला, बटण दाबलं. उरलंसुरलं पाणी निघून गेलं. मशीन थांबलं. मग दारातून टक् असा आवाज आला. रंभानं दाराला हात लावला नाही. ती बाजूला सरकली आणि निशाला म्हणाली, "उघड."

निशानं एका बोटानं दार उघडलं.

जर्स्या परत एकदा साध्या पाण्यातून काढून पिळून घेतल्या. या खेपेला निशानं प्रत्येक खिसा उलटा केला आणि वेणूनं तो पुन्हा तपासला. गच्चीत दोऱ्या बांधून सगळा संघ वाळत घातला. खाडीकडून वारा चांगला होता. लांब कर्नाळ्याचा सुळका दिसत होता आणि त्याच्या अलीकडं नंबरवाल्या जर्स्या फडफडत होत्या. दाजी स्वतः खुर्ची टाकून राखणीला बसले, जणू त्या उडून जासईला जाणार होत्या.

खाली रंभानं हत्यारं पुसून पिशवीत भरली आणि रिवाजाप्रमाणे म्हणाली, "ताट आना."

वेणूनं स्वतःच आणून दिलं. आता लपवायचं काय राहिलं होतं? रंभानं परातीतून एकेक वस्तू काढून ताटात मांडली. केसांची पिन. निशाच्या वेणीचं रबर. हरेशच्या शर्टाचं बटण, जे हरवल्याबद्दल तो महिनाभर घरातल्या बायकांना बोल लावत होता. पिळलेलं लाल फडकं. प्रत्येक वस्तू तिनं वर धरली, कुणाची ते विचारलं. बटणाच्या वेळी हरेशला सगळ्यांसमोर "माझंच" म्हणावं लागलं. राहता राहिली सुपारी. ती रंभानं उचलली, आपल्या कोरड्या पदरानं नीट पुसली, आणि ताटात ठेवली नाही. वेणूचा हात ओढून तळहातावर ठेवली आणि तिची बोटं मिटवली.

"ही ताटातली नाय," ती म्हणाली.

मग चहा झाला. दार उघडल्याशिवाय रंभा कुणाच्या घरी चहा घेत नाही. उघडल्यावर मात्र दोन कप घेते. दुसरा कप संपतासंपता निशा बॅग घेऊन बाहेर आली. केस घट्ट बांधलेले, जर्सीची बाही अजून दमट. नेहमीप्रमाणे ती सासूच्या पाया पडायला वाकली. नेहमीप्रमाणे वेणू "असू दे, असू दे" म्हणाली. पण निशा उठली ती तिथंच उभी राहिली.

"आई," ती म्हणाली, "पुढच्या वेळी सुपारी खिशात नका ठेवू. मुठीत धरून तुम्हीच या."

पुढच्या वेळी. ते दोन शब्द सगळ्यांनी ऐकले. दाजींनी जिन्यातूनच बायकोच्या तोंडाकडं पाहिलं, आता ही काय म्हणते म्हणून. वेणूनं मिटलेल्या मुठीकडं पाहिलं. मग ती उठली, आरशासमोर जाऊन पदर सारखा केला आणि दाराशी जाऊन चपला पायात सरकवू लागली.

"पुडच्या खेपेला कशाला?" ती म्हणाली. "आज काय झालं?"

रंभानं कप खाली ठेवला. जासईच्या बांधावरची सगळी वर्षं तिच्या डोळ्यांत एकदम हसली.

"काय गं वेणू," ती म्हणाली, "चपला राखायला चाललीस?"

"नाय," वेणू म्हणाली. "वरडायला."